पहिल्या झावळीजवळ

रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आवडाबाईंच्या घराशी असा वळतो की त्यांच्या कुंपणाला जवळजवळ घासूनच पुढे जातो. एका अंगाला त्यांची सुपारीची वाडी, दुसऱ्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, आणि मध्ये इतकीच जागा की समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीने थांबावंच लागतं. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. त्यांना थांबायला वेळ नसतो.

आवडाबाईंचं माहेर पेणकडचं, मिठागरावरचं. दयारामशी लग्न होऊन त्या इथे आल्या, त्याला बत्तीस वर्षं झाली. दयाराम टोचनची गाडी चालवायचा. कुणाची मोटार बंद पडली, कुणाची गटारात गेली, की याला फोन. मग टपावरचा पिवळा दिवा गरगरत ठेवून तो निघायचा, आणि शेजारी बसलेला असायचा धर्मा, त्याचा जोडीदार, गावातलाच, वयाने दहा वर्षांनी लहान.

दयारामची कामाची एक ठरलेली रीत होती. गाडीला साखळी लावण्याआधी तो रस्त्यावर नारळाच्या तीन झावळ्या टाकायचा. एक वीस पावलांवर, दुसरी पन्नास पावलांवर, तिसरी वळणाच्याही पलीकडे, शंभर पावलांवर. येणाऱ्याला ही लांबची झावळी आधी लागते, म्हणून तिला तो पहिली झावळी म्हणायचा. तिच्याजवळ लाल फडकं घेऊन माणूस उभा करायचा. फडकं आवडाबाईंच्या जुन्या लुगड्याचं होतं.

"आपल्याकडं झावळ्या काय, रोजच पडतात," तो धर्माला बजावायचा. "मानूस उभा नसला तर येनाऱ्याला वाटंल, वाऱ्यानं पडली. तू तितनं हलायचं न्हाय."

काम झालं की तिन्ही झावळ्या तो स्वतः उचलून बाजूला करायचा. एकही मागे ठेवायचा नाही.

घरी मात्र हा माणूस भारी अबोल. आवडाबाईंना त्याने कधी नावाने हाक मारली नाही. "अगं ए", "ऐकलंस का", फार तर "कुठं हायेस?" त्या पिढीत तशीच पद्धत होती. तरी मिठागरावर त्यांचा बाप त्यांच्या आईला खुशाल नावाने बोलवायचा, सगळ्या कामकऱ्यांदेखत. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आवडाबाई मुद्दाम उशिरा ओ द्यायच्या, म्हणजे तरी नाव घेईल. पठ्ठ्या दारापर्यंत चालत यायचा, पण नाव घ्यायचा नाही. पुढे त्यांनी तो नाद सोडला.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी नेमक्या त्यांच्याच वळणावर एक मोटार गटारात गेली. दयाराम आणि धर्मा आले. झावळ्या पडल्या. आवडाबाईंनी गवती चहा आणि आलं घालून थर्मास भरला, कुंपणावरून दयारामच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "निवू देऊ नका." एवढं बोलून त्या आत वळल्या. ओटीपर्यंत पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात तो आवाज झाला.

दयारामला धडक देणाऱ्या गाडीवाल्याने पोलिसांना सांगितलं, झावळ्या दिसल्या, पण वाटलं वाऱ्याने पडल्या असतील. उभं कुणीच नव्हतं. वळल्यावर पिवळा दिवा दिसला, तरी निघून जाऊ असं वाटलं म्हणून वेग कमी केला नाही.

उभं कुणीच नव्हतं. हे तीन शब्द आवडाबाईंच्या मनात तीन वर्षं अडकून होते. धर्मा कुठे होता? तेराव्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं. त्याने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. माणूस वाईट नव्हता. टोचनची गाडी आता तोच चालवायचा, एसटीतून निवृत्त झालेले गणराज ड्रायव्हर फडकं घेऊन उभे राहायचे, आणि आवडाबाईंच्या वाडीची पाइपलाइन फुटली की न सांगता येऊन दुरुस्त करायचा तो धर्माच. पण त्यांच्या हातचा चहा तो घ्यायचा नाही. कधी उपास, कधी पित्त, कधी "आताच घेतला, वयनी".

रात्र नाही, दिवस नाही, आवडाबाईंना एकाच गोष्टीची तहान होती. शेवटी दयाराम काय बोलला? त्यांना आपले शब्द आठवत होते. त्याचे मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

यंदा जानेवारीत, वालाच्या शेंगांच्या दिवसांत, भर दुपारी त्याच वळणावर एक मोटारसायकल घसरली. रुग्णवाहिका आली, मागोमाग धर्माची गाडी. जखमी पोराला स्ट्रेचरवर घेत होते तरी मागच्या दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. गणराज पहिल्या झावळीजवळून ओरडले, "अरे, घाई हाय तर उडत जा! खाली मानसं हायेत!"

आवडाबाई थर्मास घेऊन कुंपणाशी आल्या. धर्मा मोटारसायकलला दोर बांधत होता.

"भावजी, चहा."

"नको वयनी, आज जरा—"

"आज काय? चतुर्थी न्हाय, एकादशी न्हाय. मी पंचांग बगून आली." त्यांनी कप पुढे धरला. "तीन वर्षं झाली. माझ्या चहात इख हाय का?"

धर्माचे हात दोरावरच थांबले.

"इख न्हाय, वयनी. पन त्या दिवशी..." तो खालच्या आवाजात बोलू लागला. "मी पहिल्या झावळीजवळच उभा होतो. दयारामदादानंच हाक मारली. मी म्हनलं, हितं कोन ऱ्हाईल? तो म्हनला, दोन घोट घे आन पळ. मी आलो. कप हातात घेतला, आन..." त्याने दोराची गाठ उगाच आवळली. "तुमाला कसं सांगू, की तुमच्या चहासाटी त्यानं मला तितनं हलवला? सोताचीच रीत मोडली त्यानं. मी न्हाय म्हनायला पायजे होतं."

आवडाबाईंनी पुढे धरलेला कप मागे घेतला. रुग्णवाहिकेचं दार लागलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "हाक कशी मारली?"

"म्हंजे?"

"काय म्हनला, तेच सांगा. जसंच्या तसं."

"म्हनला, 'धर्म्या, ये लवकर, आवडाच्या हातचा चहा हाय, निवंल.'"

"माझं नाव घेतलं?"

"व्हय की." धर्माला या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुमच्या माघारी नावच घ्यायचा तो. आवडानं हे केलं, आवडा अशी म्हनली. दिवसभर आवडा आवडा. आमी त्याला चिडवायचो."

आवडाबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या कडेने चालत गणराजांपर्यंत गेल्या. "तुमी घ्या चहा," त्या म्हणाल्या. "फडकं माझ्याकडं द्या. मानसानं चहासाटी हितनं हलायचं न्हाय, चहा हितं यील."

"पोलीस झाल्या की काय वयनी!" गणराज हसत कडेच्या दगडावर बसले.

विटलेलं लाल फडकं हातात घेऊन आवडाबाई झावळीजवळ उभ्या राहिल्या. नागावकडून एक पांढरी गाडी वेगात आली. त्यांनी हात उंच केला. गाडी दचकून हळू झाली, पार पलीकडच्या कडेला सरकली आणि माणसाच्या चालीने त्यांच्यापुढून वळणाकडे गेली. काचेआडच्या बाईने मान लववली. दयाराम गेला त्या दिवशी त्या गाडीवाल्याने एवढंच करायला हवं होतं.

सगळे पांगल्यावर धर्माने झावळ्या उचलल्या. शेवटची उचलायला तो आवडाबाईंपाशी आला. त्यांनी थर्मासमधला उरलेला चहा कपात ओतला.

"निवलाय," त्या म्हणाल्या.

"असू दे." त्याने कप घेतला आणि उभ्याउभ्या संपवला.

"भावजी."

"काय वयनी?"

"त्यानं हाक कशी मारली, ते परत एकदा सांगा."