भोंगाबाई फाटकातून जाते

पोलाद वितळवणाऱ्या त्या कारखान्याच्या मागच्या आवारात भंगाराचे डोंगर होते आणि त्यांच्या वर, जेमतेम एक माणूस मावेल अशा काचेच्या केबिनमध्ये, ती बसायची. क्रेनच्या दोरखंडाला ताटाएवढं नव्हे, चांगलं खाटेएवढं चुंबक लटकलेलं. ते खाली सोडायचं, मोडक्या सायकली, पत्रे, पाईप असं सगळं खडखडत त्याला चिकटलं की अलगद उचलून भट्टीच्या डब्यात टाकायचं. "बाईमाणसाच्या हातात क्रेन?" असं पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला होता. तिने केबिनमधून चुंबक खाली सोडलं, त्याच्या लोखंडी खुर्चीसकट त्याचा जेवणाचा डबा उचलला आणि वरून विचारलं, "कुठे ठेवू?" नशीब, तो तेव्हा खुर्चीत बसलेला नव्हता.

मग तिच्या गळ्यातल्या ग्रंथीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि उरलंसुरलं जाळायला डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. नर्सने शिशाच्या डबीतून ती चिमट्याने काढली, तिच्यापुढे धरली आणि लगबगीने दाराशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही पळणार आणि मी गिळणार?"

"तुम्हाला ती एकदाच घ्यायचीय ताई, मला रोज द्यायचीय," नर्स म्हणाली.

हे उत्तर तिला पटलं. तिने गोळी गिळली. त्यानंतरचे काही दिवस एकटीची खोली, दाराबाहेर ठेवलेलं ताट, आणि घरी आल्यावरही लेकीपासून लांब. सांगितलेली मुदत तिने निमूट पाळली. निमूट राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तेच जास्त जड गेलं.

रजा संपवून ती कामावर आली आणि आवाराच्या फाटकातले दोन खांब बोंबलले. करड्या रंगाचे ते खांब भंगारातून काही किरणोत्सारी येऊ नये म्हणून बसवलेले. आजवर ते क्वचितच वाजले होते. एकदा जुन्या घड्याळांच्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर. आता ते तिच्यावर वाजत होते. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. "अंगात नावापुरतं उरलंय, तेही काही महिन्यांत जाईल. त्याने कोणाला काही होत नाही. तुमच्या यंत्राचं नाक फार तिखट आहे."

पण लोकांचं काय! वॉचमन तिला बघून कानांवर हात ठेवू लागला. कोणीतरी भोंगाबाई म्हणालं आणि ते नाव चिकटलं. ती फाटकाच्या आसपास असली आणि आवाज झाला की सगळे ओरडत, "भोंगाबाई, बाजूला हो!" आणि वॉचमन लाल बटण दाबून यंत्र गप्प करी. शेवटी मुकादमाने फर्मान काढलं, "तू मागच्या लहान दाराने ये-जा कर. रोजची कटकट नको."

ती मागच्या दाराने जाऊ लागली. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता, पण त्या खांबांची कर्कश शिट्टी तिच्या मनात शिरून बसली होती. मुदत कधीच संपली, तरी लेकीला ती रात्री पलंगाच्या दुसऱ्या टोकाला निजवायची. लेक विचारायची, "आई, तू अजून वाजतेस का गं?"

असे काही महिने गेले. त्या दिवशी क्रेनला वंगण घालायचं काम चालू होतं म्हणून ती खाली उतरून, फाटकापासून दहा-बारा पावलांवर, भिंतीला टेकून चहा घेत होती. भंगाराने भरलेला ट्रक आत शिरला आणि खांब किंचाळले.

"भोंगाबाई, बाजूला हो!" वॉचमनने सवयीने बटण दाबलं. ट्रक निघाला.

"थांबव रे गाडी!" ती ओरडली. "हे माझ्यामुळे नाही."

"तुझ्यामुळे नाही तर काय माझ्यामुळे?" मुकादम म्हणाला. "चल, वर चढ. भट्टी वाट बघतेय. पहिला डबा याच मालाचा."

"मी एवढ्या लांब उभी होते."

"तू फाटकाजवळ आलीस की वाजतं. सगळ्यांना माहीत आहे."

खरं म्हणजे तिलाही खात्री नव्हती. तिच्या अंगात किती उरलं होतं हे तिला कुठे दिसत होतं? पण भट्टीच्या तोंडाशी तिचा धाकटा दीर उभा असायचा. चूक तिची निघाली असती तर लोक हसले असते, एवढंच. ट्रकची निघाली असती तर?

तिने क्रेनची किल्ली खिशातून काढली, मुकादमाला दाखवली आणि परत खिशात टाकली. "ट्रक बाहेर घ्या. मी एकटी फाटकातून जाते. वाजलं तर वर चढते."

"किल्ली दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू. आज देत नाही."

आरडाओरडा ऐकून दीर बाहेर आला, घामाने निथळत. मुकादम त्याच्याकडे वळला. "समजाव तुझ्या वहिनीला!"

"वहिनीला समजावेल असं कोणी आमच्या घरात अजून जन्मलेलं नाही," तो म्हणाला आणि ट्रकसमोर जाऊन उभा राहिला. "वहिनी, तू चाल."

ड्रायव्हरने कुरकुरत ट्रक मागे, पार रस्त्यावर नेला. ती फाटकाबाहेर गेली आणि वळली. दोन्ही खांब तिच्याकडे बघत असल्यासारखे उभे. ती चालू लागली.

खांब गप्प.

"परत जा बरं," वॉचमन पुटपुटला. ती परत गेली, पुन्हा आली, खांबाला खेटून उभी राहिली. गप्पच. दीर लहान मुलासारखा हसला. मग तिने हात करून ट्रकला बोलावलं, आणि त्याचं नाकाड आत शिरतं न शिरतं तोच सगळं आवार किंकाळीने भरून गेलं. या वेळी बटणाकडे कोणाचा हात गेला नाही.

तपासणी खात्याची माणसं आली. ट्रक मोकळ्या मैदानात उभा करून त्यांनी दोरी बांधली आणि पत्र्यांच्या ढिगातून एक गंजका, जडशीळ डबा शोधला. बाटल्या भरण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला. आत शिशाचं अस्तर आणि घेवड्याच्या दाण्याएवढा किरणोत्सारी धातू.

"हा दाणा बाटली पूर्ण भरलीय का ते सांगायचा," त्यांच्यातल्या अधिकारी बाई दुरून म्हणाल्या. "असेच दाणे पाईपचे सांधे तपासतात, रोग जाळतात. डब्यात आहेत तोवर कामाचे. भट्टीत गेला असता तर सगळ्या पोलादात मिसळला असता. सळ्या, पलंग, पळ्या... आणि आधी भट्टीवरची माणसं."

घाम पुसायला उचललेला दिराचा हात कपाळावरच राहिला.

मुकादम खाकरला. "उद्यापासून तू मोठ्या फाटकातून आलीस तरी चालेल."

"परवानगी कोणी मागितली?" ती म्हणाली आणि किल्ली खिशातच ठेवून घरी गेली. त्या रात्री लेक तिच्या कुशीत शिरली, छातीला कान लावून ऐकत राहिली आणि निराश होऊन म्हणाली, "काहीच वाजत नाही."

सकाळी मोठ्या फाटकावर मुकादम मुद्दाम उभा होता. ती खांबांच्या मधोमध आली, थांबली, त्याच्या कानाजवळ वाकली आणि गाठ काढलेल्या त्याच गळ्यातून जिवाच्या आकांताने शिट्टीसारखी किंकाळी फोडली, "पींऽऽऽ!"

मुकादम दोन हात उडाला. वॉचमनने सवयीने बटण दाबलं.

"मी बटणाने गप्प बसत नाही," असं म्हणून ती क्रेनची शिडी चढू लागली.