जहाजाच्या पोटातला आन्सेल

आन्सेल लेंडोर शनिवारी दुपारी जहाज व्हायचा. एरवी तो गिरणीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस होता, आणि इंग्लंडातल्या आमच्या हार्लबेक गावात त्याची कुणी फारशी दखल घेत नसे.

आमचा फुटबॉल क्लब, हार्लबेक टाउन, इतक्या खालच्या पायरीवर खेळतो की त्याच्याखाली फक्त शाळकरी पोरं आणि पोस्टमन उरतात. पण शर्टाच्या छातीवर ऐट बघावी! तीन शिडांचं जहाज, खाली कापसाचं बोंड. सामन्याआधी याच जहाजाचं सोंग मैदानाला फेरी मारतं. आधीचा सोंगाड्या कंबरेत उसण भरून घरी बसला, तेव्हा अध्यक्ष डेरेक ऑर्मेरॉड यांनी स्टँड झाडणाऱ्या आन्सेलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुझी उंची बरोबर आहे." झाली नेमणूक.

ते जुनं सोंग पुठ्ठ्याचं आणि स्पंजाचं होतं. आन्सेल कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावरचा. त्याच्या गावात किनाऱ्यावरच बोटी बांधतात, आणि त्याचा बाप त्यातला नावाजलेला मिस्त्री. "हे जहाज म्हणायचं की पावसात भिजलेला केक?" असं म्हणून त्याने वेताचं आणि पातळ फळ्यांचं नवीन केलं. ते डोक्यावरून चढवायचं. बाहेर फक्त पाय दिसत. हात आतल्या मुठींवर, डोळ्यांसमोर बोटभर फट. वीसेक वर्षं हे असं चाललं.

त्याच्या गल्लीतली ब्रेंडा हार्ग्रीव्झ त्याच्या 'गुड मॉर्निंग'ला आभाळाकडे बघून उत्तर द्यायची. मैदानावर मात्र हीच बाई दर सामन्याला जहाजाला कवटाळून नाकाडावर मुका घ्यायची, शकुन म्हणून. आतून आवाज यायचा, "थँक्यू, ब्रेंडा." जहाजाला आपलं नाव कसं ठाऊक, हा प्रश्न त्या बाईला कधी पडला नाही. बायको आयोनी गेल्यापासून आठवडाभरात आन्सेलला कुणी हात लावला तर तो शनिवारीच, आणि तोही फळीवरून. त्याला ते पुरत होतं. पुरत होतं म्हणजे काय, तो त्यावरच जगत होता.

आता त्याची मुलगी मार्वा. गावच्या शाळेत इतिहास शिकवते आणि कुणाच्या बापाला भीत नाही, स्वतःच्याही नाही. तिने क्लबाच्या सभेत उभं राहून सांगितलं, की हे जहाज आणायचं तो कापूस गुलामांनी पिकवलेला होता. त्यातला काही कॅरियाकूचा होता, आणि तो वेचताना आपल्या खापरपणज्यांच्या पाठीची सालटी निघाली होती. गिरण्या त्यावर उभ्या राहिल्या, गाव गिरण्यांवर, क्लब गावावर. तेव्हा जहाज काढा.

गाव म्हणालं, फार जुनी गोष्ट आहे ती. मार्वा म्हणाली, जहाजही जुनंच आहे, काढा. गाव म्हणालं, जुनं आहे म्हणूनच तर ठेवायचं.

शेवटी ठरलं, शनिवारी मध्यंतरात मैदानावर हात वर करून मतदान.

गुरुवारी ऑर्मेरॉड मटण भरलेली पाई घेऊन आन्सेलच्या दारात. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"आन्सेल, तू आमचाच माणूस. मी माईक धरतो, तू एवढंच म्हण, मला या जहाजाचं काही वाटत नाही. तुलाच चालतं म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला गळा काढायचा?"

"विचारून सांगतो, मिस्टर ऑर्मेरॉड."

"कुणाला?"

"आमच्या म्हाताऱ्यांना. मेलेल्या."

ऑर्मेरॉडनी घड्याळाकडे पाहिलं. "शनिवारपर्यंत होईल ना?"

शुक्रवारी आन्सेलने बेटाच्या रीतीप्रमाणे मृतांचं ताट वाढलं. पांढरा टेबलक्लॉथ, मक्याचा लगदा, भात, कोंबडी, सगळं अळणी, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. शेजारी बेटावरची जहाल रम. शाळा सुटल्यावर मार्वा आली आणि भुकेच्या तडाख्यात खुर्ची ओढून बसली.

"ऊठ. ते तुझ्यासाठी नाही."

"डॅडी, तुम्ही मेलेल्यांना विचारताय? मी जिवंत आहे की! मला विचारा!"

"तुझं मत अख्ख्या गावाला माहीत आहे."

"आणि तुमचं?"

आन्सेलने टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली. ती उठली, दारात थांबली. "उद्या तुम्ही ते चालतं म्हणालात, तर मी शाळेत तोंड कसं दाखवू? पोरांना काय सांगू, माझ्या बापालाच पटलं नाही?" आणि गेली.

त्याला तिथेच आरामखुर्चीत डुलकी लागली. स्वप्नात त्याची आजी सेलिना आली. जेवली. कोंबडी दुकानातली आहे, हे तिने लगेच ओळखलं आणि नाक मुरडलं. मग विचारलं, "बोटीत कोण असतं रे?"

"मीच, आजी."

"बाहेरून दिसतोस का?"

"पाय दिसतात."

आजीने हात पुसले आणि निघून गेली. जहाजाबद्दल बाकी एक अक्षर नाही. आन्सेल जागा झाला तेव्हा घाबरा झाला होता.

शनिवारी मध्यंतरात आम्ही तीन गोलांनी मागे होतो, म्हणजे नेहमीसारखेच. आन्सेल जहाज चढवून मधोमध उभा राहिला. मार्वा पुढच्या कठड्याला रेलून. ऑर्मेरॉडनी जाहीर केलं, की आता खुद्द जहाजाला विचारू, आणि माईक फटीशी नेला.

"मला हे जहाज फार आवडतं," आन्सेल आतून म्हणाला. "हातांनी बांधलंय मी. पण पोरगी म्हणते ते खरं आहे. काढून टाका."

माईकचा खटका ऑर्मेरॉडच्या अंगठ्याखाली होता, आणि तो बंद होता. त्यांनी माईक तोंडाशी घेतला, खटका दाबला आणि गरजले, "जहाज म्हणतंय, शिडं उभारा!"

अख्खं मैदान दणाणलं. हात वर गेले, ब्रेंडाचे तर दोन्ही. आन्सेल आतून ओरडत होता, "नाही! मी असं म्हणालो नाही!" आणि जहाज हलायला लागलं तसं लोकांना वाटलं नाचतंय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. जहाज राहिलं.

कपड्यांच्या खोलीत त्याने सोंग उतरवून खुंटीला लावलं. ऑर्मेरॉड मागून आले. "झकास झालं! पुढच्या शनिवारी दोनला, नेहमीप्रमाणे?"

"नाही."

"अरे, का? तुला कुणी काही बोललं का?"

"वीस वर्षांत नाही," आन्सेल म्हणाला. "खोलीची किल्ली इथे ठेवली आहे."

मार्वाच्या दाराशी तो पोचला तेव्हा त्याने सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण तिने दार उघडलं, आणि त्याला एवढंच जमलं, "मी ते म्हणालो नव्हतो गं."

"माझ्या बापाचा आवाज मी ओळखत नाही का? कठड्याशी होते मी. ऐकलं मी." आणि तिने त्याला इतकं घट्ट धरलं, की म्हातारा दारातच हमसून रडला.

पुढच्या शनिवारी दोघांनी तिकीट काढलं. जहाज काढा म्हणणारा मार्वाचा नवा अर्ज तयारच होता, तो क्लबाला द्यायचा होता. आन्सेल पहिल्यांदाच अख्खा सामना बघत होता, फटीतून नव्हे, दोन्ही डोळ्यांनी. अर्ध्या तासात त्याची खात्री पटली.

"मार्वा, हे लोक फार वाईट खेळतात."

"सगळ्या गावाला माहीत आहे, डॅडी."

कडेने जहाज गेलं. आत कुणीतरी नवीन होतं. ते डावीकडे कलत होतं.

मागच्या रांगेतल्या एका भल्या माणसाने पुढे वाकून थर्मासमधला चहा पुढे केला. टोपी क्लबाची, गळपट्टा क्लबाचा, दोन्ही जुने. "घ्या बाबा, गारठा पडलाय. पहिल्यांदाच आलात का आमच्याकडे?"

मार्वाने तोंड उघडलं. आन्सेलने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चहा घेतला.

"हो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."