वाढदिवसाचा फ्लेक्स

"मॅडम, त्या तिघांची नावं लिहून घ्या. नाहीतर उद्या मिरवणूक आमच्या चौकातून कशी जाते तेच बघतो!" विकीने माझ्या टेबलावर हात आपटला.

"आधी हात काढ. टेबल सरकारी आहे," मी म्हणाले.

तेव्हा मी हडपसरच्या बाजूला एका पोलीस स्टेशनची इन्चार्ज होते. विकी चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स कोणीतरी कापून नेला होता. फ्रेमच्या कोपऱ्यांना चिंध्या तेवढ्या लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बौद्ध वस्तीची जयंतीची मिरवणूक त्याच चौकातून जाणार होती, त्यामुळे विकीच्या डोक्यात गुन्हेगार ठरलेलेच होते. पुरावा विचारला तर म्हणाला, "दुसरं कोण असणार?"

बाहेर दोन्हीकडची पोरं जमली होती. तेवढ्यात एसीपी साहेबांचा फोन आला.

"मिरवणुकीचा रूट बदला."

"सर, वर्षानुवर्षं हाच रूट आहे. बदलला तर न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा दिल्यासारखं होईल."

"मग संध्याकाळपर्यंत मिटवा. नाहीतर परमिशन रद्द."

मी घाईने शांतता समिती बोलावली. ही समिती म्हणजे भागातली वजनदार माणसं. सणावाराआधी त्यांना एकत्र बसवायचं, चहा पाजायचा, फोटो काढायचा. माणसं म्हणजे अर्थातच पुरुष. त्या दिवशी ते आले आणि एकमेकांची जुनी उणीदुणी काढत बसले. माझं डोकं फिरलं. हवालदाराला म्हटलं, "वस्तीतल्या सुमनताईंना बोलवा."

सुमनताई अंगणवाडी सेविका. दोन्हीकडची निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. शिवाय विकीने घेतलेल्या नावांत एक त्यांच्या मुलाचं, रोहितचं होतं. रोहित पोलीस भरतीची तयारी करत होता. गुन्हा दाखल झाला असता तर चारित्र्य पडताळणीत अडकला असता आणि वर्दी कायमची हुकली असती.

सुमनताईंनी मला दारातच बाजूला घेतलं.

"मॅडम, फ्लेक्स कुठंय ते मला माहितीये. विकीच्याच गच्चीवर. त्याच्या आईने त्यावर कुरडया घातल्यात. सकाळी मीच मदतीला गेले होते. वाढदिवस होऊन गेला, आता कशाला लोंबतोय, म्हणून काकूंनी कात्रीने कापून आणला. पोराला सांगायचं राहिलं."

हसावं की रडावं, मला कळेना. "चला, आत सगळ्यांसमोर सांगा."

"नको मॅडम." त्यांचा आवाज ठाम होता. "मी, पलीकडच्या वस्तीतल्या बाईने, सांगितलं तर लोक विकीला हसतील. आज रोहित सुटेल, पण उद्या मिरवणुकीत कुणीतरी कुरडयांवरून घोषणा देईल, आणि मग खरंच डोकी फुटतील. काकूंना आणते. त्यांचं त्यांना सांगू दे."

खरं सांगते, मला ते चटकन पटलं नाही. दोन वाक्यांत प्रकरण निकाली निघत होतं. पण जिचा मुलगा अडकलाय तीच थांबा म्हणत होती. मी थांबले.

थोड्याच वेळात दोघी बरोबरच आल्या. काकूंच्या पदराला अजून चीक लागलेला होता. समितीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"विकी, फ्लेक्स मी काढलाय. घरात न विचारता तू गावभर बोंबलत सुटशील हे मला काय ठावं? चूक माझी हाय. आधी सुमनच्या पोराचं नाव काढ."

विकीचा चेहरा लालबुंद झाला. मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिसकन हसलं. सुमनताईंनी तिकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं.

"उन्हाळ्यात आमच्याकडेही फ्लेक्सच अंथरतात," त्या विकीला म्हणाल्या. "आणि तुझ्या रागाचं म्हणशील तर, लहानपणी डबा सांडला तरी तू असाच चिडायचास."

विकी खाली बघत म्हणाला, "मॅडम, माझी तक्रार नाही." मग बाहेर जाऊन त्याने स्वतःच आपल्या पोरांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक त्याच चौकातून, त्याच रूटने गेली. रोहित लेझीम खेळत होता. काकू पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या होत्या आणि विकी गर्दीला वाट करून देत होता. शेवटची गाडी चौक ओलांडून गेली तेव्हा मी जीपच्या बॉनेटला टेकून मोठा श्वास सोडला. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

समितीच्या पुढच्या बैठकीला मी दोघींना सदस्य म्हणून बसवलं. एका जुन्या सदस्यांना ते रुचलं नाही.

"मॅडम, या कोणत्या मंडळाच्या?"

"कुठल्याच नाहीत," मी म्हटलं, "म्हणूनच बोलावलंय."