बाबांना एकदा हरवायचं होतं

गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. मला तेलात कालवलेली वाळू आठवते. बाबा रेल्वेत होते, आम्ही तारनाक्याला राहायचो, आणि रेल्वेतल्याच काही हौशी माणसांनी जवळच्या माळावर गोल्फचं मैदान केलं होतं. तिथे गवताला पाणी कोण घालणार? म्हणून प्रत्येक होलभोवती वाळूचं एक गोल अंगण असायचं, वाऱ्यानं उडू नये म्हणून तेल पाजलेलं. त्याला सगळे ब्राउन म्हणायचे. शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, मारण्याआधी चेंडूपासून होलपर्यंत गोणपाट ओढून वाट सपाट करायची, हा तिथला रिवाज. गोणपाट हाताशी नसलं तर बुटाचा तळवा.

मी तिथेच शिकले. लांब फटक्यांचं बाबांना फारसं कौतुक नव्हतं. "उडाला की देवाचा, लोळला की आपला," म्हणायचे, आणि कडक जमिनीवरून चेंडू हळूच ढकलून होलपर्यंत लोळवायला लावायचे. घरी मागच्या अंगणात आईचं सूप आडवं ठेवून त्यात चेंडू लोळवायचा सराव चाले. ते सूप फाटलं तेव्हा आईनं आम्हा दोघांना असं काही फैलावर घेतलं की पुढे बाबांनी आपली जुनी टोपी ठेवली.

चेंडू झाडांत गेला की मी दोन खोडांमधली फट शोधायची.

"नक्को, बाई. आडवी बाहेर ये. फट दिसते तेवढी नसते."

"पण बाबा, एक फटका वाया जाईल."

"जाऊ दे की. शिर सलामत तो पगडी पचास."

मला राग यायचा, कारण ते बरोबर असायचे. जिंकले की परतताना स्कूटरवर घरापर्यंत शीळ घालायचे. लेकरांना मुद्दाम जिंकू देणाऱ्या बापांची त्यांना चीड होती, त्यामुळे मी लहान असतानाही त्यांनी मला एकदासुद्धा जिंकू दिलं नाही. याबद्दल मला ते फार आवडायचे. आणि म्हणूनच त्यांना एकदा, एकदाच, हरवायची इच्छा माझ्या मनात घर करून बसली.

पुढे मी नोकरीला लागले, मोटार घेतली, आणि आम्ही रविवारी शहराबाहेरच्या खऱ्या गवताच्या मैदानावर जाऊ लागलो. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघ्यांमुळे नऊच होल खेळायचे. चेंडू आता लांब जात नव्हता, पण होलजवळ आले की हात तोच.

थंडीतली एक सकाळ. आठ होलनंतर आमची बरोबरी होती. नववा होल एका भल्यामोठ्या खडकाच्या सावलीत. तिथलं दव उशिरापर्यंत वाळत नाही. मी डावीकडचं तळं टाळलं, अलीकडेच थांबले, चेंडू छान लोळवला आणि शेवटी छोटासा पट चुकवला. बाबांचा चेंडू होलपासून दोन हातांवर. तो आत गेला की ते जिंकणार.

बाबा पुढे झाले, आणि चेंडूपासून होलपर्यंत त्यांनी बुटाचा तळवा सावकाश फिरवला. गवतावर दव पुसलेला काळसर पट्टा उमटला. ब्राउनवर तो रिवाज होता. हिरवळीवर वाटेतलं दव पुसलं की नियमानं तो होल समोरच्याला जातो.

मी काही बोलायच्या आत ते थांबले. बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात् तेरी. गेला होल. तू जिंकलीस."

"असं नको मला, बाबा. मारा तुम्ही."

"नियम म्हणजे नियम. बघायचंच असेल तर मारतो." त्यांनी मारला. चेंडू सरळ आत. "बघ, गेला असता," म्हणाले, आणि चक्क शीळ घालत मोटारीकडे निघाले.

घरी आल्या आल्या त्यांनी आईला सांगितलं, "आज हिनं मला हरवलं." दवाचं नावही नाही. मी चिडून सगळी हकीकत सांगितली, तर म्हणे, "हरला कोण, तू की मी? मग मी सांगतो ते खरं." पुढच्या रविवारी पुन्हा खेळू, असं मी वदवून घेतलं. पण गुडघा सुजला, मग उन्हाळा आला, आणि पावसाळ्यात बाबा गेले. माझ्या मनातली ती लढत राहूनच गेली, आणि मला त्याचं रडू बाबांच्या जाण्याइतकंच आलं.

भेटायला त्यांचे रेल्वेतले जुने सोबती आले. मलकपेठेहून आलेल्या एका काकांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

"तूच ना ती, बापाला हरवणारी? अरे बाप रे, भेटेल त्याला सांगायचा. लेकीनं हरवलं मला, म्हणायचा, आणि लेक कशी खेळते ते अर्धा अर्धा तास ऐकवायचा. खरंच हरवलंस?"

दवाची गोष्ट ओठांपर्यंत आली होती. आई माझ्याकडे बघत होती.

"हौ, काका," मी म्हटलं. "हरवलं."