चार दिवसांच्या गोळ्या एकदम

काटेवाडीच्या सोपानरावांवर अन्याय झाला. १९५९ साली, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी न्याहारीच्या वेळेला. अन्याय करणारा कोण, हे मला कळायला दहा वाजले.

मी बारामतीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी औषध बांधून खिडकीतून देतो. सुट्टीच्या दिवशी आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाची पत्रके वाटतो. मनाच्या आजाराला बाहेरची बाधा म्हणणाऱ्या भगतांविरुद्धचे पत्रक माझेच. त्यात सहा उद्गारचिन्हे आहेत.

गुरुवार म्हणजे बाजार. काटेवाडीची भाजी घेऊन निघालेला ट्रक मंडईकडे न वळता आमच्या दारात थांबला. वांग्यांच्या पाट्यांमध्ये सोपानराव आडवे होते. जीभ कोरडी, बोलणे जड, नाडी पळत होती. शेजारी त्यांची बायको पारूवहिनी. एका हाताने नवऱ्याचे डोके धरलेले, दुसऱ्या मुठीत आमच्या दवाखान्याची बाटली.

"चार दिसाच्या गोळ्या एकदम खाल्ल्या ह्यांनी. आत्ताच, ट्रक सुटायच्या आधी. उरलेल्या मी हिसकून घेतल्या."

डॉक्टर धावत बाहेर आले. सोपानरावांना आत नेले, नळी घालून पोट धुतले आणि नाडीवर बोट ठेवून बसले. मला म्हणाले, "तू बाहेर जा आणि कसं झालं ते नीट विचारून घे. भाषण करू नकोस."

मी भाषणच केले. "कुठल्या भगतानं सांगितलं हे? त्याचं नाव सांगा!"

पारूवहिनींनी माझ्याकडे पाहिले. "भगतानं न्हाय. तुमीच सांगितलं की, कंपौंडर."

इथे थोडे मागे जातो. सोपानराव दोन एकर भाजी आणि थोडा ऊस करणारे. त्या वर्षी श्रावणापासून ते बोलेनासे झाले. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचे, उगाच भीती वाटायची. जेवण पुढ्यात तसेच पडायचे. गावातले म्हणायचे, आळस चढलाय. वडिलांनी, म्हणजे आबांनी, दोन ठिकाणी अंगारा आणला. शेवटी वहिनीच त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. डॉक्टरांनी पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि तिथून नव्या गोळ्या लिहून आल्या. विलायतेत नुकत्याच निघालेल्या, खिन्नतेवरच्या. इतकी वर्षे आमच्या हाती अशा रोग्यासाठी झोपेचे औषध आणि उपदेश एवढेच होते. ती बाटली मी पहिल्यांदा हातात धरली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

आनंदाच्या भरात मी काय केले? पातळ औषधाच्या बाटलीला आम्ही कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवतो. एक खाच, एक डोस. अक्षर न येणाऱ्यालाही कळते. गोळ्यांच्या बाटलीला पट्टी नसते. तिच्यावर मी लिहिले, 'दिवसातून तीन वेळा'. बस. डॉक्टरांनी मला बजावले होते की गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला तोंड कोरडे पडते, गुंगी येते, उठताना चक्कर येते, हे सगळे सांग. मी सांगितले नाही. खिडकीतून पत्रकी आवाजात ओरडलो, "एकही गोळी चुकता कामा नये! महिन्यात बाटली रिकामी झालीच पाहिजे!"

"मग?" मी वहिनींना विचारले. आवाज आता खाली आला होता.

"मग काय. तीन हप्ते नेमानं घेतल्या. मग आमची पाण्याची पाळी आली. चार दिस हे दारं धरायला, पाटाचं पाणी रानात वळवायला. गोळीनं झापड येती, पाटावर डोळा लागला तर पाणी दुसऱ्याच्या रानात जातंय, म्हणून गोळी बंद. काल पाळी सरली. आज म्हणले, हुकलेलं भरून काढतो. पाटाला पाणी कमी आलं तर पाटकऱ्याकडनं पुढच्या पाळीला भरून घेतुया का न्हाय? तसंच."

कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाने यापेक्षा वेगळा विचार का करावा? हुकलेले पाणी भरून घेणे हा तिथला कायदा आहे. मी त्याला दुसरा कायदा सांगितलाच नव्हता.

दुपारी नाडी ताळ्यावर आली. डॉक्टरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सरळ विचारले, "सोपानराव, मरायचं मनात होतं का? असेल तर सांगा. रागावणार नाही."

मला वाटले, असे कोणी विचारते का? आता कळते की विचारायलाच हवे. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवे काही शिरत नाही, आत अडकलेले असेल तर बाहेर येते.

"श्रावणात होतं," सोपानराव हळू म्हणाले. "आता न्हाय. उलटं हाय, डाक्टर. गेल्या हप्त्यात भाकरीला चव लागली. किती दिसांनी! एक दिस गोळ्या हुकल्या, दुसरा दिस हुकल्या, तसं भ्या वाटाय लागलं, ही चव जाती का काय. म्हणून सगळ्याच घेतल्या."

आबा तोवर बैलगाडीने येऊन पोचले होते. दारातूनच म्हणाले, "बास झालं हे इलायती इख. बाटली टाका उकिरड्यावर."

"आबा," वहिनी म्हणाल्या, "खत जास्त पडलं म्हणून कुणी ऊस उपटून टाकतंय व्हय?"

"तू लई शानी!"

"शानी हाय म्हणून तर ट्रक आडवला."

आबा खाली बसले. डॉक्टर हसले, पण बोलले पक्के. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, वाढवायच्याही नाहीत. बरे वाटू लागले म्हणूनही थांबवायच्या नाहीत. कधी थांबवायच्या आणि कशा उतरवत न्यायच्या, ते डॉक्टर ठरवतील. एखादी चुकली तर चुकली, पुढच्या वेळेची एकच घ्यायची. गोळ्या चालू असताना दारूला हात नाही. बाटली वहिनींच्या ताब्यात. आणि पाण्याची पाळी असेल तेव्हा आधी येऊन विचारायचे, म्हणजे वेळ बदलता येते.

पुण्याला पत्र गेले, उत्तर आले, आणि काही दिवसांनी कमी मात्रेने गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. माघात सोपानराव स्वतः दवाखान्यात आले. कोथिंबिरीची जुडी खिडकीत ठेवली.

"कंपौंडर, तुमच्यावर राग न्हाय बरं का. भगतानं फुकट काय दिलं नव्हतं. तुमी निदान चूक तर फुकट दिली."

सगळा दवाखाना हसला. मीही. त्या माणसाने मला माफ केले, त्या बाईने ट्रक अडवून मला खुनी होण्यापासून वाचवले, आणि डॉक्टरांनी मला कामावरून काढले नाही. तिघांचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून हे छापतो आहे. पत्रकात न लिहिलेला धडा एवढाच: चांगले औषध वाईट रीतीने देणारा माणूस भगतापेक्षा फार वेगळा नसतो.

आता तुमच्याकडे मागणे आहे. मनाच्या आजारावरची गोळी तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या हातात पडेल तेव्हा खिडकीसमोरून हलू नका. मागे रांग ओरडू दे. आतल्या माणसाला विचारा: गुण कधी येणार? त्रास काय होईल? चुकली तर काय करायचं? थांबवायची कुणी? चारही उत्तरे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो खेकसला तरी घ्या. तो मी असलो तरी घ्या.