रझियाआपांनी बदलू न दिलेला निकाल

रझियाआपा तांबोळी यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रडत होते. नारायण पेठेतल्या एका शाळेत कॅरमची स्पर्धा होती. मी नववीत, आपा पंच. माझ्या ओढणीचे टोक सोंगटीला लागले. आपांनी दंड म्हणून माझी जिंकलेली सोंगटी परत बोर्डावर ठेवली आणि मी हरले. सामन्यानंतर त्या मला शोधत आल्या, पर्समधली पिन काढून ओढणी खांद्याशी पक्की केली आणि म्हणाल्या, “नियम तुझ्यावर रागावलेला नाही. जेवलीस का?”

आपा मार्केट यार्डातल्या एका अडतीवर कारकून होत्या. सकाळचा बाजार उरकून दुपारी स्पर्धेला येत. रोजे असले तरी संध्याकाळपर्यंत बोर्डाशेजारी ताठ बसत, आणि आम्हा मुलींना चहा मिळाला की नाही, हे मात्र आवर्जून विचारत. पंचगिरीचे मानधन त्यांनी कधी मागितले नाही.

अशा व्यक्तीचा गौरव करताना गोड बोलून थांबणे मला जमणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रम-कंपनीचे प्रवर्तक आमच्या संघटनेकडे आले. कॅरमची लीग भरवू, टीव्हीवर दाखवू, म्हणाले. पदाधिकारी हरखून गेले. मग अटी आल्या. खेळ चालू असताना संगीत वाजणार. मुलींनी बिनबाह्यांचे चकचकीत कपडे घालायचे. मुलींचे सामने छोटे, पुरुषांच्या दोन सामन्यांमधला वेळ भरून काढण्यापुरते. यांतल्या एकाही गोष्टीबद्दल कोणी खेळाडूंना विचारले नाही.

लीगआधीच्या चाचणी सामन्यात मी होते. समोर खडकवासल्याजवळच्या गावातली सुरेखा. निर्णायक डावात मी क्वीन घेतली. तिच्यामागे आपली एक सोंगटी घ्यावी लागते. माझी भोकाच्या काठावर थांबली. क्वीन परत मध्ये गेली, सुरेखाने ती घेतली आणि डाव संपवला. तेवढ्यात टीव्हीसाठी चित्रण करणारे दिग्दर्शक पुढे आले.

“मॅडम, हा शेवट कॅमेऱ्यात नीट आला नाही. शिवाय ही शहरातली, घरची मुलगी जिंकली तर बरं दिसेल. डाव परत घेऊ.”

“कॅमेऱ्याला दिसलं नसेल. मला दिसलं,” आपा म्हणाल्या.

“प्रेक्षकांना थरार हवा असतो हो.”

“मग त्यांना बाहेरचा रस्ता ओलांडायला सांगा.”

सुरेखा हळूच म्हणाली, “आपा, मी जितलेय की न्हाई?”

“जिंकलीस. सही कर.”

मी तिथेच बसले होते. “मी हरले,” एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. मी बोलले नाही. लीगमध्ये जागा हवी होती, आणि हरूनही ती मला मिळाली. याची लाज मला आजही वाटते.

पुढच्याच सर्वसाधारण सभेत संघटनेची घटना बदलली. पंच कोण, हे यापुढे प्रवर्तक ठरवणार. आपा एकट्या उभ्या राहिल्या. “खेळाचे मालक पंच नेमणार असतील, तर खेळाडूंनी दाद कुणाकडे मागायची?” सचिव म्हणाले, “आपा, काळ बदललाय.” हात वर झाले. माझाही झाला. आठवड्याने आपांना पत्र आले: आपली सेवा यापुढे आवश्यक नाही. तीस वर्षांच्या पंचगिरीला एक ओळ.

लीग दोन हंगामांत गुंडाळली गेली. प्रवर्तक दुसऱ्या खेळाकडे वळले. तो ठराव मात्र अजून घटनेत आहे, आणि सचिवही खुर्चीत आहेत. आपांच्या पंचाहत्तरीचा हा गौरव अंक आम्ही खेळाडूंनी काढला. संघटनेने शुभेच्छांच्या चार ओळीही दिल्या नाहीत.

मी माफी मागायला गेले, तेव्हा आपांनी दार उघडून आधी आत घेतले. सगळे ऐकून म्हणाल्या, “मला काय सांगतेस? सुरेखाला सांग.” मी तिच्या गावी गेले, तिच्या आईवडिलांसमोर सांगितले. आता तो ठराव रद्द व्हावा, या अर्जावर आम्हा दोघींच्या सह्या आहेत.

आपा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची नजर आणि प्रकृती अशीच राहो, आणि त्यांना इतके आयुष्य लाभो, की ज्यांनी ते एका ओळीचे पत्र पाठवले, त्यांना आपांच्या दारी येऊन ते परत न्यावे लागेल.