सोलकढीत कोळंबी नव्हती

शुभदा मॅडमनी सोलकढीचे तीन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नाईक, यात कोळंबी आहे."

"नाही मॅडम. यात नारळाचं दूध, आमसूल, लसूण, मिरची आणि मीठ आहे."

"मग माझ्या ओठाला खाज का येतेय?"

मी पाहिलं. खालचा ओठ एका कोपऱ्यात सुजायला लागला होता. त्यांनी शांतपणे पर्समधून गोळी काढून घेतली आणि विचारलं, "इथून डॉक्टर किती लांब?"

"मालवणात. पंचवीस मिनिटं."

"मग आत्ताच निघू. घसा धरल्यावर निघण्यात अर्थ नसतो."

मी जीप काढली आणि पंचवीस मिनिटांचा रस्ता सतरा मिनिटांत कापला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दोन तास बाकावर बसवून ठेवलं.

ही गोष्ट २००७ च्या आसपासची. आचऱ्याच्या अलीकडे काजूच्या बागेत एक छोटं वॉटर पार्क निघालं होतं. तीन स्लाइड, एक लाटांचा तलाव, रेन डान्स, आणि बागेतून फिरणारी एक गाडी, जी चढावर थांबायची. मी तिथे कॅन्टीन मॅनेजर होतो. पाटीवर मात्र 'फूड अँड बेव्हरेज' असं लिहिलेलं होतं. मालक सावंतवाडीचे. त्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो.

शुभदा मॅडम कोल्हापूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होत्या. कारखान्याची नव्वद माणसांची पिकनिक आमच्याकडे यायची होती आणि पिकनिक कमिटीच्या प्रमुख त्याच होत्या. म्हणून त्या आठवडाभर आधी जागा आणि जेवण बघायला आल्या होत्या. याला आमच्या धंद्यात रेकी म्हणतात. त्यांच्या यादीत तळाला दोन ओळी होत्या. एक व्यक्ती वीगन. एका व्यक्तीला शेलफिशची ॲलर्जी, तीव्र. ही दुसरी व्यक्ती त्या स्वतःच.

दवाखान्याच्या बाकावर त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी पिकनिकला घरचा डबा नेते. कोपऱ्यात बसून खाते. लोक विचारतात, उपवास आहे का? मी हो म्हणते. सोपं पडतं."

सोलकढी माझ्या कॅन्टीनची होती.

"तुम्ही कारण शोधा," त्या उठताना म्हणाल्या. "सापडलं तर आम्ही येऊ. नाही सापडलं तर गोव्याचं बघते."

संध्याकाळी शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शेलफिश म्हणजे शिंपले ना? शिंपले कुठे दिले आपण?"

"कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, सगळंच त्यात येतं, शेठ."

"ते तरी दिलं का?"

"नाही."

"मग आपली चूक नाही."

"चूक नाही, पण ओठ सुजला."

शेठनी जरा विचार केला. "बाईंना वहम असेल."

"वहमाला इंजेक्शन देत नाहीत."

"मग शोधा," शेठ म्हणाले. "पण रुक्मिणीला दुखवू नका. ती गेली तर मी पार्क बंद करीन."

ते खरं होतं. रुक्मिणीकाकी आमची मुख्य स्वयंपाकीण. माहेर-सासर दोन्ही दर्यावरचं. नवरा होडी घेऊन जायचा, सासू बाजारात मासे विकायची. माणसं स्लाइडसाठी एकदा यायची आणि काकीच्या तिखल्यासाठी, म्हणजे माशाच्या झणझणीत कालवणासाठी, परत यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विषय काढला आणि तिने कालथा खाली ठेवला. हे चांगलं लक्षण नव्हतं.

"मॅनेजरांनू, माझ्या हातचा खाऊन आजपर्यंत कोणाक कायव बाधूक नाय."

"काकी, तुझो हात नाय म्हणत मी. कायतरी दुसरा आसा."

"मगे शोधा. माका दाखवा. दाखवलात तर मानीन."

मी स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो. हातात वही. ॲलर्जीवाल्या माणसाला तो पदार्थ खावाच लागतो असं नाही. त्याचा अंश पुरतो. तो चमच्यातून येतो, तेलातून येतो, हातातून येतो. याला क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात. हा शब्द मी हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि तिथेच ठेवून आलो होतो.

तेल तपासलं. व्हेजची कढई वेगळी, तेलाचा डबा त्या दिवशी नवा फोडलेला. मिक्सरचं भांडं वेगळं. नीरफणसाच्या कापांना लावायचा रवा वेगळ्या ताटात. आमसुलं काकीच्या भावजयीकडची, घट्ट झाकणाच्या बरणीत. लसूण, मिरची, मीठ. दहा वाजले तरी वहीत एकही गुन्हेगार नव्हता. काकी मधूनमधून माझ्याकडे आणि माझ्या कोऱ्या वहीकडे बघायची. ते जास्त जड जात होतं.

साडेदहाला कोळंबी आली. मोठी होती. काकी विळी घेऊन बसली. आमच्याकडे विळीला आडाळो म्हणतात. पात्यावर एकेक कोळंबी धरून तिने डोकी उडवली. टोपली संपली. तिने विळी उचलली, नळाखाली धरली, चांगली खळखळून धुतली. मग ती फिरून बसली आणि त्याच विळीच्या टोकावर नारळ खवायला लागली.

मी स्टुलावरून उठलो.

"काकी, थांब."

"काय झाला?"

"हो आडाळो."

"धुतलंय मा आता! तुमच्या समोर धुतलंय."

मी आगपेटीतली एक काडी घेतली आणि पातं जिथे लाकडात बसतं त्या फटीत फिरवली. काडीच्या टोकाला गुलाबी, चिकट काहीतरी आलं. मी ते काकीसमोर धरलं. तिने वास घेतला. तिला वास घ्यायची गरज नव्हती.

ती म्हणाली, "एवढ्याशान?"

"एवढ्याशान."

"ती बाय मरात काय एवढ्याशान?"

"मरू शकता."

काकी खाली बसली. खवलेल्या नारळाचं ताट तिने बाजूला सरकवलं. मला वाटलं ती चिडेल, पण ती घाबरली होती. किती वर्षं, किती ताटं, ती मनातल्या मनात मोजत असावी.

मला धीर आला आणि मी क्रॉस कंटॅमिनेशन समजवायला सुरुवात केली. अंश, संपर्क, पृष्ठभाग. दोन मिनिटांनी तिने मला थांबवलं.

"म्हणजे चवथीचा सोवळा. तसा सांगा मा आधी!"

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. तिच्या घरात वर्षभर मासे, पण गणपती असेपर्यंत माशाचं भांडंसुद्धा दिसायचं नाही. चवथीची विळी वेगळी, टोप वेगळे, पळ्या वेगळ्या, वर्षभर माळ्यावर बांधून ठेवलेल्या. मासे हाताळलेलं माणूस आंघोळ केल्याशिवाय त्या चुलीपाशी जायचं नाही. माझ्या कोर्सचं आख्खं एक प्रकरण ती लहानपणापासून पाळत होती.

मग राहिला वीगन. मी कोर्स केला तेव्हा हा शब्द अभ्यासक्रमात नव्हता. शुभदा मॅडमनी सांगितलं होतं तसं मी सांगितलं. मांस-मासे नाही, अंडं नाही, दूध, दही, तूप नाही, मधसुद्धा नाही.

"जैन आसा?"

"नाय. परदेशात राहून इलो."

"सोलकढी पिता?"

"पिता."

"घावणे, काळ्या वाटाण्याचा सांबारा, खापरोळी?"

मी विचार केला. तांदूळ, वाटाणे, नारळाचं दूध, गूळ. "सगळा चलता."

"मगे तेच्यात काय कठीण?" काकी म्हणाली आणि कालथा उचलला.

मी कोल्हापूरला फोन लावला. काय सापडलं ते जसंच्या तसं सांगितलं, काडीसकट. शुभदा मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदाच कोणीतरी 'तुमचा भास असेल' म्हणालं नाही. आम्ही येतो."

शेठ काय म्हणाले होते, ते मी सांगितलं नाही.

पिकनिकच्या दिवशी काकीने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. नवी विळी मालवणच्या बाजारातून आणली. मासे दुसऱ्या दोघींकडे सोपवले आणि स्वतः डोक्यावरून आंघोळ करून पडवीत शिरली. अकरा वाजता शेठ हातात तळलेली कोळंबी घेऊन चव बघायला तिकडे निघाले.

"थंयच रवा!" काकी ओरडली.

"अगं, मी मालक आहे."

"आसात. हात धुवन येवा."

शेठ हात धुऊन आले, तरी तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

पंगत बसली. मासे एका टोकाला, पडवीतलं जेवण दुसऱ्या टोकाला. वाढायला काकी स्वतः. शुभदा मॅडम त्यांच्या मैत्रिणींच्या मध्ये बसल्या होत्या. मालवणचे डॉक्टर मी मुद्दाम जेवायला बोलावले होते. ते बांगडा खात होते आणि बॅग पायाशी होती. मॅडमनी वाटी उचलली आणि एक घोट घेतला. मी खांबाला टेकून त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. पंधरा मिनिटं. अर्धा तास. आयुष्यात परक्या बाईच्या ओठांकडे मी इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "नाईक, जेवून घ्या. काही होत नाहीये."

काकी पुढे आली. "अजून वाढू?"

"वाढा," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. काकीला वाटलं मिरची जास्त झाली.

वीगन मुलाने सात घावणे खाल्ले. ते बघून मासे खाणारेही हात धुऊन इकडच्या रांगेत आले आणि दोन वाजता खापरोळ्या संपल्या. ती एवढीच तक्रार त्या दिवशी वहीत नोंदली गेली.

त्यानंतर मी चार हॉटेलांत काम केलं. कुठेही पाहुणा "मला चालत नाही" म्हणाला, की वेटर धावत येऊन सांगतो, "सर, त्यात तसलं काही टाकलेलंच नाही." मी मान डोलावतो आणि विळी, सुऱ्या, पळ्या बघायला आत जातो. काय टाकलंय ते सगळे सांगतात. काय धुतलं गेलं नाही, ते मात्र आपणच बघावं लागतं.